वाळलेला, पण कच्चा रंग

गाडीला दिलेला रंग काही तासांत हाताला कोरडा लागतो, पण पक्का व्हायला त्याला काही आठवडे लागतात. झाडावरून उतरवलेला आंबा अढीत पिकावा लागतो, तसा फवारलेला रंगही आतून पिकत असतो. वरून चकचकीत आणि आतून कच्चा अशा या अवस्थेत त्यावर पडलेला डाग कायमचा राहू शकतो. हा काळ नीट पार पडला, तर तोच रंग पुढे बरीच वर्षे कुरकुर न करता टिकतो.

डोळ्यांना रंगाचा एकच थर दिसत असला, तरी प्रत्यक्षात तो चार-पाच थरांचा असतो. कारखान्यातून येणाऱ्या गाडीत पत्र्यावर आधी फॉस्फेटचा लेप, त्यावर टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने चढवलेला गंजरोधक थर, मग प्रायमर, मग रंगाचा बेस कोट आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर. या सगळ्यांची मिळून जाडी साधारण १०० ते १३० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या दीड-दोन केसांएवढी. त्यात क्लिअरचा वाटा ४०-५० मायक्रॉनचा. चमक याच थराची. उन्हातले अतिनील किरण शोषणारी द्रव्येही यातच असतात. आणि पाऊस, धूळ, फडका यांच्याशी रोज गाठ पडते तीही याचीच. रंगाची निगा राखायची म्हणजे या अर्ध्या-पाऊण केसाएवढ्या थराला जपायचे.

इथे एक फरक आधीच ध्यानात घ्यायला हवा. शोरूममधून आणलेल्या नव्या गाडीचा रंग आणि अपघातानंतर गॅरेजमध्ये पुन्हा दिलेला रंग हे दोन वेगळे प्रकार आहेत. कारखान्यात पत्र्याचा मोकळा सांगाडा साधारण १४० अंश सेल्सिअसच्या भट्टीतून जातो. त्या उष्णतेत रंगाचे रेणू एकमेकांना जखडले जातात आणि भट्टीबाहेर येतानाच रंग पक्का झालेला असतो. नव्या गाडीला महिनाभर मेण लावू नये, हा समज त्यामुळे बिनबुडाचा आहे. गॅरेजात आलेल्या गाडीत मात्र सीट, वायरी, टायर, प्लास्टिकचे भाग सगळे जागच्या जागी असतात. ती १४० अंशांत ठेवता येत नाही. म्हणून तिथे दोन डब्यांचा रंग वापरतात. एका डब्यात रेझिन, दुसऱ्यात हार्डनर. दोन्ही मिसळले की रासायनिक क्रिया सुरू होते. गाडी आत ठेवून तापवता येईल असा बंदिस्त बूथ असेल तर सुमारे ६० अंशांवर अर्धा तास गाडी शेकतात आणि मग ती हाताळण्याइतकी घट्ट होते. उरलेली क्रिया गाडी मालकाच्या ताब्यात गेल्यावरही चालूच राहते. पुढे ज्याला ‘ताजा रंग’ म्हटले आहे तो हाच.

रस्त्याकडेच्या गॅरेजांमध्ये आजही ‘ड्यूको मारायचा’ असे म्हणतात. या शब्दाला शंभर वर्षांचा इतिहास आहे. मोटारी आल्या त्या सुरुवातीच्या काळात त्यांना बग्गीसारखे व्हार्निश हाताने लावत, आणि सगळे हात देऊन ते वाळायला कित्येक आठवडे लागत. ड्युपाँ कंपनीने नायट्रोसेल्युलोजचा झटपट वाळणारा रंग काढला, त्याला ‘ड्यूको’ नाव दिले आणि १९२३ साली जनरल मोटर्सच्या ओकलंड गाड्यांवर तो प्रथम आला. कंपनीचे हे नाव पुढे आपल्याकडे फवाऱ्याने मारायच्या रंगाचेच नाव होऊन बसले. ड्यूकोत रासायनिक जोडणी होत नाही, नुसते थिनर उडून जाते. म्हणूनच थिनर पुन्हा लागले की तो विरघळतो. तशा जुन्या, क्लिअर नसलेल्या रंगांवर उन्हाने पांढुरकी भुकटी धरायची. कुर्ल्याच्या कारखान्यात बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीच्या काळात दर काही महिन्यांनी रबिंग-पॉलिश करून ती भुकटी काढणे हा निगेचाच भाग होता, आणि त्या रंगाला ते मानवतही होते. गाड्यांचे रंग बदलले तरी सवय राहिली. आजच्या क्लिअरला तीच सवय घातक ठरते, कारण प्रत्येक रबिंगमध्ये त्यातले काही मायक्रॉन कायमचे झिजतात.

आता रंग पिकतो म्हणजे काय होते ते पाहू. हार्डनरमधली आयसोसायनेट ही द्रव्ये रेझिनच्या साखळ्यांना आडवे टाके घालत जातात आणि त्यातून पॉलियुरेथेनचे जाळे तयार होते. पहिल्या दिवशी हे टाके विरळ असतात. जाळ्यात थोडे थिनर अडकलेले असते. ते हळूहळू वर येऊन हवेत निघून जाते. म्हणून ताज्या रंगाला कित्येक दिवस वास येतो आणि नखाने दाबले तर ठसा उमटतो. या क्रियेला ऊब लागते. मे महिन्यात जे दोन-तीन आठवड्यांत होते, त्याला थंडीच्या दिवसांत जास्त वेळ लागतो. दमट हवेचे दुखणे आणखी वेगळे. आयसोसायनेट पाण्याशीही क्रिया करते आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो. जुलैतल्या ओल्या हवेत, बूथशिवाय, शेडखाली मारलेल्या क्लिअरमध्ये टाचणीच्या टोकाएवढे बुडबुडे किंवा मलूल चमक दिसते ती बहुधा यामुळेच. घाई नसेल तर रंगकाम दिवाळीनंतर ते होळीपर्यंतच्या कोरड्या दिवसांत काढावे. पावसाळ्यातच करावे लागले तर बूथ असलेले गॅरेज शोधावे, चार पैसे जास्त गेले तरी. (याच आयसोसायनेटचे फवारे श्वासातून गेले तर रंगाऱ्याला दमा जडू शकतो. तोंडाला रुमाल बांधून क्लिअर मारणारा कारागीर स्वतःच्या फुफ्फुसांची किंमत मोजत असतो. योग्य मास्क वापरणाऱ्या गॅरेजालाच काम देणे हे ग्राहकाच्या हातात आहे.)

अंबरनाथ पूर्वेचे पालेगाव म्हणजे अशा कच्च्या रंगाची कडक परीक्षा घेणारी जागा. एका बाजूला आनंदनगरची औद्योगिक वसाहत, आजूबाजूला उभी राहत असलेली गृहसंकुले, रस्त्यांवर खडी-सिमेंटची वाहने, आणि जून ते सप्टेंबर मलंगगडाच्या डोंगररांगेपाशी ठाण मांडणारा कोकणचा पाऊस. उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंतच्या पट्ट्यात थोड्याफार फरकाने हीच परिस्थिती आढळते.

यातले सर्वांत कमी दिसणारे संकट हवेतले. धुराड्यांतून आणि वाहनांतून निघणारे गंधकाचे व नायट्रोजनचे ऑक्साइड दवात विरघळले की सौम्य आम्ल तयार होते. रात्री बॉनेटवर दव साचते, सकाळी ऊन चढते, थेंबातले पाणी उडते आणि उरलेल्या थेंबातले आम्ल तीव्र होत जाते. थेंब संपतो, त्याची कडा मात्र क्लिअरमध्ये कोरली गेलेली असते. अमेरिकेत फ्लोरिडातील जॅक्सनव्हिल शहर या प्रकारासाठी मोटार उद्योगात प्रसिद्ध आहे. दमट उष्ण हवा आणि कारखान्यांचे उत्सर्जन तिथे एकत्र येतात, म्हणून रंगकंपन्या आपल्या क्लिअरचे नमुने उन्हाळाभर तिथे उघड्यावर मांडून त्यांची आम्लाशी टिकाव धरण्याची ताकद तपासतात. पालेगावच्या रहिवाशाला या परीक्षेसाठी फार लांब जायला नको. शेजारच्या डोंबिवलीत जानेवारी २०१४ मध्ये हिरव्या रंगाचा पाऊस पडला होता आणि फेब्रुवारी २०२० मध्ये तिथल्या औद्योगिक वसाहतीतला रस्ताच गुलाबी झाला होता. असे प्रसंग विरळा; रोजचे आम्ल बिनरंगी असते. पूर्ण पिकलेले क्लिअर ते बऱ्यापैकी सोसते, कच्चे सोसत नाही. त्यामुळे रंगकामानंतरचे पहिले चार आठवडे गाडी इमारतीच्या स्टिल्टमध्ये किंवा शेडखाली उभी करणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी उपाय आहे. पहिल्या पावसाबद्दलचा समजही इथेच सुधारायला हवा. तो गाडी धुऊन काढत नाही. हवेत महिनोन्‌महिने साचलेले सगळे घेऊन तो खाली येतो. मोसमातल्या पहिल्या सरीनंतर गाडीवर स्वच्छ पाणी ओतून ती पुसून घ्यावी.

सिमेंटचा स्वभाव आम्लाच्या उलट, अल्कधर्मी. बांधकामावरून उडालेली भुकटी दवाने भिजली की गाडीवरच तिचा पातळ गिलावा होतो आणि तो कोरड्या कापडाने खरवडला तर क्लिअरही सोबत ओरखडते. भुकटी कोरडी असतानाच भरपूर पाण्याने वाहून जाऊ द्यावी. घट्ट झालेल्या ठिपक्यांवर पाणी मिसळलेले व्हिनेगर वापरतात, पण ते पिकलेल्या रंगावर. पहिल्या महिन्यात अशा ठिपक्यांवर पाण्याखेरीज काही लावू नये.

पक्ष्यांची विष्ठा दोन तऱ्हांनी इजा करते. तिच्यात युरिक आम्ल असते, हे एक. दुसरे असे, की उन्हात क्लिअर तापून मऊ होते व किंचित प्रसरण पावते, विष्ठा त्याच वेळी वाळून कडक होते आणि संध्याकाळी थंड होताना क्लिअर तिच्या खडबडीत आकाराभोवती आवळते. विष्ठा काढली तरी तो आकार उरतो. मे महिन्याच्या दुपारी गडद रंगाच्या बॉनेटचे तापमान ६०-७० अंशांच्या घरात जाते, तेव्हा यासाठी काही तास पुरे होतात. बदलापूर परिसर जांभळासाठी प्रसिद्ध आहे. जांभळाच्या मोसमात, मेअखेर आणि जूनमध्ये, पक्षी आणि वटवाघळे फळे खाऊन जे टाकतात त्यात आम्लाबरोबर जांभळा रंगही असतो, आणि पांढऱ्या गाडीच्या कच्च्या क्लिअरमध्ये तो मुरतो. आंब्याचे झाडही मोहोराच्या दिवसांत टाळावे. मोहोरावरच्या तुडतुड्यांनी टाकलेला गोड चिकटा खाली उभ्या गाडीवर बारीक थेंबांनी पसरतो आणि त्यावर धूळ बसून काळे डाग होतात. यांपैकी काहीही पडले तर ओले कापड त्या जागी पाच-दहा मिनिटे ठेवावे, डाग मऊ होऊ द्यावा आणि मग उचलून घ्यावा. घासू नये.

घासणे हीच या सगळ्या विषयातली मोठी खोट आहे. आम्ल आणि ऊन यांच्यापेक्षा जास्त गाड्यांची चमक फडक्याने घालवलेली असते. सोसायटीत पहाटे गाड्या पुसण्याची पद्धत पाहिली तर कारण कळते. एक बादली, एक फडका आणि दहा-बारा गाड्या. पहिल्या गाडीवरची वाळू फडक्यात अडकते आणि उरलेल्या गाड्यांवर पॉलिश पेपरसारखी फिरते. सूर्यप्रकाशात किंवा दिव्याखाली बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या ज्या बारीक गोल रेषा दिसतात त्या याच. यात पुसणाऱ्याचा दोष नाही. त्याला वेळ, पाणी आणि कापड तेवढेच मिळते. नव्याने रंगवलेल्या गाडीच्या मालकाने महिनाभर गाडी पुसू नका असे त्याला स्पष्ट सांगावे, त्याचे पैसे मात्र कापू नयेत.

मग धुवायचे कसे? बूथमध्ये शेकलेल्या रंगावर पहिले दोन-तीन दिवस आणि बूथशिवाय दिलेल्या रंगावर पहिला आठवडा पाणीही मारू नये. पाऊस पडला तर घाबरण्याचे कारण नाही, थेंब टिपून घेतले की झाले. त्यानंतर सकाळी किंवा संध्याकाळी, पत्रा थंड असताना, आधी नुसत्या पाण्याची धार टपापासून खाली सोडावी, म्हणजे वाळू निघून जाते. गाडीचा सौम्य शॅम्पू दुसऱ्या आठवड्यानंतर चालतो. भांड्याचा साबण आणि कपड्यांची पावडर कधीच नको. ती तेलकटपणा ओढून काढण्यासाठी बनवलेली असतात आणि पुढे रंगावर लावलेले मेणही काढून टाकतात. दोन बादल्या घ्याव्यात, एकीत शॅम्पूचे पाणी आणि दुसरीत हातमोजा किंवा स्पंज खळबळून घ्यायला साधे पाणी. दरवाजांचा खालचा भाग आणि चाके शेवटी धुवावीत, कारण तिथे सर्वांत जास्त खडी-वाळू असते. सर्व्हिस सेंटरचा जोरदार प्रेशरचा फवारा पहिला महिनाभर टाळावा. त्याचा जोर सपाट पत्र्यापेक्षा कडांवर, म्हणजे जिथे चिकटपट्टी लावून रंग थांबवलेला असतो तिथे, जास्त लागतो आणि कच्चा रंग तिथूनच पापुद्र्यासारखा उचलला जातो.

पाणी कोणते हेही पाहावे. बारवी धरणाचे किंवा उल्हास नदीचे नळाचे पाणी त्या मानाने सौम्य असते. नव्या वस्त्यांमध्ये कूपनलिका किंवा टँकरवर भागवावे लागते आणि काळ्या खडकातून आलेल्या कूपनलिकेच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात. असे पाणी गाडीवर वाळले की पांढरे गोल उमटतात. भर उन्हात गाडी धुतली तर ते हमखास उमटतात. म्हणून धुतल्यानंतर स्वच्छ, ओलसर मायक्रोफायबर कापड पसरून पाणी टिपून घ्यावे, रेटून पुसू नये.

ताज्या रंगाची एक अडचण प्रेमातून येते. अपघातातून दुरुस्त होऊन आलेल्या गाडीची घरी पूजा होते आणि दसऱ्याला तर प्रत्येकच गाडीची. ओल्या कुंकवाने बॉनेटवर स्वस्तिक काढतात, हळदीची बोटे ओढतात, झेंडूची माळ घालतात, नारळ वाढवतात. हळदीतला कुरकुमिन उन्हाने फिका पडतो, पण बाजारी कुंकवातले कृत्रिम रंग तसे जात नाहीत. हलक्या रंगाच्या कच्च्या क्लिअरवर त्यांची गुलाबी झाक राहते. झेंडूच्या ओल्या पाकळ्या रात्रभर राहिल्या तर डाग धरतात आणि माळेचा दोरा वाऱ्याने घासून रेषा पाडतो. पूजा करू नये असे मुळीच नाही. स्वस्तिक पुढच्या काचेवर एका कोपऱ्यात किंवा नंबर प्लेटवर काढावे, नारळ गाडीपासून दोन हात दूर फोडावा आणि संध्याकाळी सगळे उतरवून त्या जागी पाणी ओतावे. रंगपंचमीला आणि फटाक्यांच्या रात्री गाडी आत ठेवता आली तर उत्तम.

कापडी किंवा प्लास्टिकचे कव्हर हे संरक्षण वाटते, पण पहिल्या महिन्यात ते अपायच करते. थिनरला बाहेर पडायला वाट मिळत नाही, खालचा दमटपणा अडकतो आणि वाऱ्याने कव्हर हलले की आत बसलेली धूळ रंगावर घासते. स्टिकर, नावाची अक्षरे, दरवाजाच्या कडांच्या पट्ट्या यांनाही महिनाभर थांबावे. पेट्रोल सांडले तर लगेच पाणी ओतावे. ब्रेक ऑइल त्याहून वाईट. त्यातली ग्लायकॉल ईथर द्रव्ये पक्का रंगही फुगवून सोडवतात.

मेण, सीलंट, सिरॅमिक कोटिंग आणि पारदर्शक फिल्म हा पुढचा टप्पा. मेण बहुधा ब्राझीलमधल्या कार्नोबा ताडाच्या पानांचे असते. ते एक-दोन महिने टिकते आणि पाणी घरंगळू देते. सिरॅमिक कोटिंग सिलिकावर आधारलेले असते, जास्त काळ राहते आणि आम्लाला बरेच तोंड देते, पण खडीचा मारा अडवत नाही. तो अडवते फिल्म. १५० ते २०० मायक्रॉनची पॉलियुरेथेनची ही कात खुद्द रंगापेक्षा जाड असते. पुन्हा रंगवलेल्या भागावर यांपैकी काहीही किमान ३० दिवस लावू नये. अनेक रंगकंपन्या मेणासाठी ६० ते ९० दिवस थांबायला सांगतात. गाडी ताब्यात देतानाच कोटिंग करून देण्याचा आग्रह गॅरेजने धरला तर तो नाकारावा. कच्च्या रंगावर झाकण घालायची घाई विकणाऱ्याला असते, रंगाला नसते. फिल्मच्या बाबतीत तर घाईची किंमत मोठी, कारण ती पुढे काढताना न पिकलेला थर तिच्या गोंदासोबत उठू शकतो.

क्लिअर मारल्यानंतर त्यात बसलेले धुळीचे कण रंगारी एक-दोन दिवसांत २००० नंबरच्या वॉटर पेपरने घासून, कंपाउंड मारून काढतो. ते काम त्याचे, आणि तो थर अजून मऊ असतो म्हणून ते सोपे जाते. घरी आणल्यावर मात्र तीन महिने तरी रबिंगचे नाव काढू नये. क्लिअरमधली अतिनील किरण शोषणारी द्रव्ये थराबरोबर झिजतात. थर फार पातळ झाला की काही उन्हाळ्यांत टपावर आणि बॉनेटवर पांढरे चट्टे उमटतात आणि मग सोललेल्या कातडीसारखे पापुद्रे सुटतात. त्यावर पुन्हा रंग देण्याखेरीज इलाज उरत नाही.

खडीचे टवके टाळण्यासाठी इथल्या कटई-कर्जत रस्त्यावर डंपरच्या मागे राहू नये, अंतर तरी ठेवावे. टवका पडलाच आणि खाली पत्रा दिसू लागला तर पावसाळ्यापूर्वी तो बुजवावा, कारण गंज रंगाच्या खालून पसरतो. गाडीच्या रंगाचा क्रमांक बहुतेक गाड्यांत दरवाजाच्या चौकटीवरच्या किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर असतो. त्या क्रमांकाचा टच-अप रंग आगपेटीच्या काडीच्या टोकाने, एकदम जाड न लावता, दोन-तीन वेळा वाळवत लावावा.

तीन महिने झाल्यावर रंगवलेला भाग एकदा तिरक्या उजेडात नीट पाहावा. पुट्टी भरलेल्या जागी कडा वर आल्या आहेत का, चमक शेजारच्या दरवाजापेक्षा मंद झाली आहे का, वॉटर पेपरच्या रेषा पुन्हा दिसू लागल्या आहेत का, हे या सुमारास कळते. थिनर निघून जाताना थर आकसतो आणि खालचे दोष वर दाखवतो. रंगकामाची पावती आणि हमीचा कागद याच दिवसासाठी जपून ठेवायचा असतो.